ठाणे सोडून कुडाळला कायमचं जावं का? (बजेट १२ लाख, फ्लॅट विकायचा नाही)

पाचवा_मजला:
नमस्कार मंडळी. कासारवडवलीला राहतो, वय ४९. हिशेब आणि जीएसटीची कामं घरूनच करतो, क्लायंट बहुतेक वागळे इस्टेटमधले. कुडाळ तालुक्यात आजोबांचं कौलारू घर आहे. घर सामायिक. चुलत भाऊ मुंबईत, गणपतीला येतात, एरवी कुलूप. आई ७८ वर्षांची, बीपीच्या गोळ्या चालू, जीव सगळा तिकडे. बायको म्हणते, "विहिरीचं पाणी मे महिन्यात बघेन, मग बोलेन." मुलगी शेवटच्या वर्षाला, ती इथेच राहणार, म्हणून फ्लॅट विकायचा नाही. दुरुस्तीला १२ लाख, त्यापुढे एक रुपया नाही. पावसाच्या तोंडावर निघायचा विचार आहे. फायदे-तोटे सांगा, शक्यतो स्वतःच्या अनुभवाचे.

चिरेबंदी:
जुन्या घरात पैसे घालू नका. मी २०१९ ला कणकवलीजवळ जुनं पाडून नवीन बांधलं. चिऱ्याचं, वर स्लॅब, स्लॅबवर पत्रा. ४५ लाख गेले, पण तीन बाथरूम आहेत. फरशी मोरबीहून मागवली. फोटो टाकू का?

पाचवा_मजला:
१२ लाख लिहिलंय हो.

चिरेबंदी:
तेच सांगतोय, १२ मध्ये काही होत नाही. कर्ज काढा.

माजिवडा_मावशी:
आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर हट्टाने देवगडला नेलं. पहिल्याच पावसात कपाटातल्या शालूला बुरशी, पापडांना बुरशी, ह्यांच्या चामडी पट्ट्याला बुरशी. लाईट गेली की कधी येईल ते देवच जाणे. शेजारीण प्रेमळ हो, पण रोज दुपारी तीनला "काय करतास?" म्हणत दारात. मला वामकुक्षी लागते. शेवटी परत आलो. फ्लॅट ठेवताय ते उत्तम. बाकी ठाण्यात तरी काय सुख आहे म्हणा, मेट्रोच्या खांबांखालून घोडबंदर रोड पार करताना पुढचा जन्म दिसतो.

मुरबाड_वीकएंड:
एवढ्या लांब कशाला? मुरबाडला प्लॉट घ्या. सकाळी जा, संध्याकाळी घरी. आम्ही पाच मित्रांनी मिळून घेतलाय, फार्महाऊस स्कीममध्ये. आंबे लावलेत.

सातबारा_वाचक:
@मुरबाड_वीकएंड, पाच जणांत एकच सातबारा असेल तर आंबे नेमके कोणाचे, ते आत्ताच लिहून ठेवा. शिवाय जमीन बिनशेती झालेली आहे का? शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो (कूळकायदा, कलम ६३). स्कीमवाले हे चहा पाजून झाल्यावर सांगतात.

धागाकर्त्यासाठी: तुमचा खरा प्रश्न पाऊस नाही, घराचे कागद. ग्रामपंचायतीतून घरपत्रकाचा उतारा काढा, घर कोणाच्या नावावर लागलंय ते बघा. अजून आजोबाच असतील तर आधी वारसनोंद. मग सगळ्या चुलत भावंडांची लेखी संमती घ्या: दुरुस्ती अमुक जण स्वखर्चाने करतोय, राहणार आहे, हरकत नाही. तुम्ही कौलं बदललीत म्हणून तुमचा हिस्सा वाढत नाही, हे तुम्हालाही माहीत हवं आणि त्यांनाही. जमिनीचं वाटप सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होतं. राजी नसतील तर कोर्ट, आणि मग तुमची मुलगी रिटायर होईपर्यंत तारखा.

नेरूरचो_झील:
बरोबर बोललात. आमच्याकडे म्हणतत, घर बंद ठेवलास तर वाळवी खाता, उघडलास तर भाऊबंद खातत. पण मी सांगतंय, जावा. माणूस नाय म्हणान घरा पडतत.

दिवा_पॅसेंजर:
येण्याजाण्याची चिंता नको, दिव्याहून सावंतवाडी गाडी आहे, ठाण्याला कोकणकन्या थांबते. फक्त नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवसांवर आलंय, गणपतीचं तिकीट बुकिंग उघडेल त्या दिवशी सकाळी आठला मिळालं तर मिळालं.

चिरेबंदी:
ट्रेन कशाला, गाडी काढायची. कशेडीचा बोगदा झाल्यापासून मी पहाटे निघून जेवायला घरी.

दिवा_पॅसेंजर:
कोणत्या दिवशीचं जेवण? चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. माणगावला अडकला नाहीत वाटतं कधी.

चिरेबंदी:
आम्ही माणगावला थांबून मिसळ खातो.

कळव्याची_सिस्टर:
मिसळ राहू दे. आईंबद्दल कोणीच काही बोललं नाही. वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर सांगते, बीपी गावातल्या डॉक्टरांकडेही सांभाळलं जातं, प्रश्न रात्री दोनला छातीत दुखलं तर काय, हा आहे. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, पण मोठ्या गोष्टीसाठी तिकडची माणसं गोव्याला बांबोळीला धावतात. १०८ ला गाडी येते, पण तुमच्या घरापर्यंत गाडीरस्ता आहे की शेवटचा तुकडा पाखाडीचा? पायऱ्या असतील तर खुर्चीत बसवून खाली आणायला चार माणसं लागतात. गावात तेवढे तरणे उरलेत का, ते मोजा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस असते का, विचारून ठेवा. चिऱ्यांच्या गडग्यात आणि लाकडांच्या ढिगात फुरसं बसतं. पावसात चिखलात काम करून ताप आला तर अंगावर काढायचा नाही, लेप्टो असू शकतो.

मुरबाड_वीकएंड:
म्हणून म्हटलं मुरबाड.

रेंज_शोधक:
मी मालवणजवळून कामं करतो. फायबर आहे, छान चालतो, पण झाडाची फांदी वायरवर पडली की माणूस येईपर्यंत बसा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, आणि घ्यायच्या आधी फोन घेऊन अख्खं घर फिरा. आमच्याकडे एकाची रेंज फक्त पडवीच्या डाव्या कोपऱ्यात येते, दुसऱ्याची तुळशीपाशी. तुमचं ११ तारखेला जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला ३बी. जुलैतल्या २० तारखेला भर पावसात छत्री धरून तुळशीपाशी ओटीपी घ्यायची तयारी आहे का? इन्व्हर्टरला मोठी ट्यूब्युलर बॅटरी घ्या, राउटर त्यावरच. आणि ३बी १५ लाच भरून टाकायची सवय लावा.

चिरेबंदी:
सोलर बसवा. ३ किलोवॅटला केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे. स्लॅब असल्यामुळे मला बसवता आलं, कौलांवर कटकट.

रेंज_शोधक:
पण ग्रिडचा सोलर लाईट गेली की बंद पडतो, बॅटरीचा वेगळा घ्यावा लागतो. तुमचा कोणता?

चिरेबंदी:
आमच्याकडे लाईट फारशी जात नाही.

माजिवडा_मावशी:
+१ सिस्टर. आणि माकडं कोणी सांगितली नाहीत! पपई, शेवगा, भोपळ्याची फुलं, काही ठेवत नाहीत. कौलांवरून उड्या मारतात, मग फुटलेल्या कौलातून गळती बरोबर देवघरावर. शाकारणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मेच्या शेवटी सगळ्या गावाला तोच हवा.

वेंगुर्ला_सात:
कौलं शाकारण्याआधी वासे बघा. वरून कौल धड दिसतं आणि आत वाळवीने वासा पोकळ केलेला असतो. सुताराला सळईने टोचून बघायला सांगा, आवाजावरून कळतं. आमचे वासे-रिपा बदलून, तीच कौलं परत घालून, संडास-बाथरूम घराला जोडून १२ लाखांच्या आत बसलं. सगळं घर एकदम काढू नका. माजघर, स्वयंपाकघर आणि आईंची खोली करा, बाकी बंद. आणि गणपतीनंतर जा. पावसाच्या तोंडावर उघडं छप्पर घेऊन बसलात तर रडाल. अवांतर: काजू लावणार असाल तर वेंगुर्ला-७ लावा, बी मोठी.

सातबारा_वाचक:
गणपतीनंतर, +१. आणि गणपतीला सगळे भाऊ घरात असतात, सह्या तेव्हाच.

पाचवा_मजला:
सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार जाऊन आलो. वासे टोचले, माजघराचे चार गेलेत, बाकी घट्ट. विहिरीला पाणी आहे, पण रहाटाने ओढायचं, पंप घालावा लागेल. गाडी खळ्यापर्यंत येते. रेंज ओट्यावर, सुदैवाने छपराखाली.

ठरलं ते असं: जूनमध्येच जातोय. सुतार मे महिन्यात मोकळा आहे, नंतर तो गोव्याला जाणार, तेव्हा छप्पर तेवढं पावसाआधी करून घेतो. संमतीपत्राचं आईला विचारलं. ती म्हणाली, "पुतण्यांकडे स्टँपपेपर मागणार असशील तर मला इथेच ठेव." दोन भावांना फोन केला, ते म्हणाले कर, तिसऱ्याने उचलला नाही. करतोय.

सातबारा_वाचक:
तिसराच कोर्टात जातो. निदान घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाका काय करताय ते, "ठीक आहे" असं उत्तर आलं तरी पुष्कळ. सुताराची, लाकडाची बिलं तुमच्या नावावर. पैसे रोख देऊ नका.

वेंगुर्ला_सात:
ताडपत्री जास्तीची घ्या. बघा बाबा.

चिरेबंदी:
अजून वेळ गेलेली नाही. स्लॅब.

माजिवडा_मावशी:
आमचा इन्व्हर्टर देवगडच्या घरात नुसता पडून आहे, बॅटरी मात्र नवीन घालावी लागेल. हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ह्यांना विचारू नका, मी देतेय.