मदत हवी आहे : गणित घेऊन बी.एस्सी. करणे योग्य ठरेल का?

नमस्कार. माझी भाची यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात तिच्या घरी कपाशी-सोयाबीनची कोरडवाहू शेती आहे. सीईटीचे गुण पाहता शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मिळणे कठीण आहे, खासगी मात्र मिळू शकेल. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. त्यामुळे फुकट मिळणारे इंजिनिअरिंग सोडून साधी बी.एस्सी. कशासाठी, असे भाऊजींचे म्हणणे आहे, आणि ते मला अगदीच चुकीचे वाटत नाही.

भाचीला मात्र गणितच शिकायचे आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात गणितासोबत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र एवढाच गट असून गणिताचे बरेचसे वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापक घेतात. संख्याशास्त्र हवे असेल तर अमरावतीला खोली करून राहावे लागेल. तो खर्च करण्याइतका फरक पुढे खरोखर पडतो का? बी.एस्सी. नंतर बी.एड. एवढाच मार्ग उरतो का? ज्यांनी ही पदवी घेतली आहे, त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

मी अनेक वर्षे पदवीला गणित शिकवतो. बारावीचे गणित आवडणे आणि पदवीचे गणित आवडणे या निराळ्या गोष्टी आहेत, कारण पुढे वास्तव विश्लेषण आणि अमूर्त बीजगणित येते, तिथे उदाहरणे सोडवण्यापेक्षा सिद्धता लिहिण्यावर भर असतो. अविभाज्य संख्या अनंत आहेत हे सिद्ध करण्यास भाचीला सांगा; मोबाइल न उघडता ती संध्याकाळभर त्यात रमली, तर तिची निवड योग्य आहे असे मी म्हणेन.

निव्वळ बी.एड. च्या भरवशावर राहू नये. बी.एस्सी., बी.एड. वर दहावीपर्यंतच शिकवता येते, अकरावी-बारावीसाठी एम.एस्सी. लागते, आणि शिक्षकभरती कधी निघेल याचा नेम नसतो. त्याऐवजी आयआयटीतील एम.एस्सी. साठीची जॅम परीक्षा समोर ठेवावी. तिच्यात गणित आणि गणिती संख्याशास्त्र असे स्वतंत्र पेपर आहेत. एमसीए, म्हणजे संगणक विषयातील पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांचे झाले आहे आणि त्यालाही गणिताची पार्श्वभूमी चालते. भाऊजींना हेही सांगा की बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरास अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो, म्हणजे ते दार आज बंद होत नाही.

संख्याशास्त्राने फरक पडतो, विशेषतः सांख्यिकी खात्यांतील पदांसाठी आणि विदा-विश्लेषणाच्या (डेटा अॅनालिसिस) कामासाठी. खर्च झेपत असेल तर अमरावती निवडावी. झेपत नसेल तर तालुक्यातच प्रवेश घेऊन दुसऱ्या वर्षापासून जॅमचा अभ्यास सुरू करावा. मात्र नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय म्हणून गणित मिळणार की दुय्यम, हे शुल्क भरण्याआधी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या.