के10 साठी कमिन्स की 5.3?

1985 च्या शेव्हरोले के10 या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप गाडीवर सहा इंचांची लिफ्ट (गाडी उंच करणारे सस्पेन्शन) आणि 37 इंची टायर चढवून तिच्यात कमिन्सचे 5.9 लिटरचे डिझेल बसवावे की जीएमचे 5.3 लिटरचे पेट्रोल व्ही8, असा आपला प्रश्न आहे. टॉर्कच्या (चाक फिरवण्याच्या जोराच्या) आकड्यामुळे कमिन्सकडे कल जाणे स्वाभाविक असले, तरी ते इंजिन सुमारे 500 किलोंचे, म्हणजे 5.3 च्या जवळपास दुप्पट वजनाचे आहे. तो भार पुढच्या ॲक्सलवर येतो आणि चिखलात गाडीचे नाक आधी रुतते. जड ट्रेलर ओढायचा नसेल, तर माझे मत 5.3 ला.

खरा खर्च मात्र इंजिनापासून चाकांपर्यंतच्या भागांवर करावा. सध्या 31 इंची टायर आणि ॲक्सलमध्ये 3.73 गुणोत्तराचे गिअर असतील, तर 37 इंचांवर तोच जोर मिळण्यासाठी 4.45 लागतील, म्हणून 4.56 घ्यावेत. गाडीत एसएम465 गिअरबॉक्स (पहिला गिअर 6.55) आणि एनपी205 ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटून देणारा भाग; त्याची हळू चालीची लो रेंज 1.96) असेल, तर ॲक्सलच्या 4.56 सह तिन्हींचा गुणाकार साडेअठ्ठावन्नच्या आसपास जातो आणि खडकांवरून क्लच न जाळता हळू चढायला तेवढा पुरतो. मात्र मूळ टेन-बोल्ट (झाकणाला दहा बोल्ट असलेला, हलका) पुढचा ॲक्सल या टायरांखाली फार काळ तग धरणार नाही. त्यात नवे गिअर घालण्याऐवजी एक टनी के30 पिकअपचा डाना 60 हा भक्कम पुढचा ॲक्सल शोधावा (तो स्वस्तात मिळत नाही, हे खरे). लिफ्टमुळे मागच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून थरथर जाणवली, तर ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट (दोन सांधे जोडून केलेला) बसवून ॲक्सलचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडला जातो तो गिअर) शाफ्टच्या रेषेत वळवून घ्यावा.