मदत हवी आहे: टक्के कशाचे धरायचे, हे सातवीतल्या पोराला कसं पटवायचं?

भाचा सातवीत आहे, सेमीला. अपूर्णांक झक्कास करतो, छेद वेगळे असले तरी लसावि काढून मोकळा, पण टक्के आले की घोळ. म्हणजे १२०० चे १५ टक्के काढ म्हटलं की लगेच १८० सांगतो, पण दादरला ८०० चा शर्ट दुकानदाराने २५ टक्के वाढवून १००० ला लावला आणि वर २५ टक्के सूट दिली तर कितीला पडेल, तर म्हणे ८०० लाच, वाढवले तेवढेच कमी केले ना मामा! ७५० येतात हे करून दाखवलं, उत्तर मान्य आहे, पण का ते डोक्यात जात नाही. ८०० वर परत यायला २० टक्केच सूट लागते म्हटलं तर मी त्याला गंडवतोय असं बघतो.

दुसरं, बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चा फ्लॅट मिळाला तर वाढ किती टक्के? हा सांगतो ३१२.५. आणि माझे बाबापण त्याच्याच बाजूने, झालं!

क्लासच्या बाई सूत्र पाठ करून घेतात, ते नकोय. कुणाकडे युक्ती आहे का?

प्रतिसाद १:
दादा, त्याला अपूर्णांक येतात ना, मग टक्के जरा बाजूला ठेवा. २५ टक्के म्हणजे पाव. ८०० चे २०० चे चार भाग करा, वाढवले म्हणजे अजून एक भाग लागला, झाले पाच. आता मागे यायला पाचातला एक काढायचा, एक पंचमांश, म्हणजे २० टक्के. पाचांचा पाव काढला तर सव्वा भाग जातो, म्हणून ७५०. चौकटीच्या वहीत पट्टी काढून रंगवायला लावा. आणि ३१२.५ अगदीच चूक नाहीये हो, नवीन घर जुन्याच्या ३१२.५ टक्के आहे. त्यात जुनं १०० टक्के आलंच, ते वजा केलं की वाढ २१२.५.

प्रतिसाद २:
वही काढलीच आहे तर १० बाय १० चा चौरस काढून बाजू १० टक्के वाढवायला सांगा. ११ बाय ११, म्हणजे १२१ चौकटी, क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलं. पोरं २० म्हणतात, कोपऱ्यातली एक चौकट हमखास विसरतात.

धागाकर्ता:
ताई, पट्टीने काम झालं, धन्यवाद! चौरसपण केला, २१ बरोबर आले. आता विचारतोय, बाजू १० टक्के कमी केली तर ९ बाय ९ चे ८१, मग १९ च का कमी झाले, २१ का नाही? सांगा आता.