मदत हवी आहे: विल्सन्स डिसीज, तांबं आणि फ्रीजवरची बाटली

नमस्कार मंडळी, घाईत टाईप करतोय, सांभाळून घ्या.

भाचा नववीत आहे, कोथरूडला असतात. दिवाळीपासून त्याचं अक्षर बिघडत चाललेलं, आम्ही सगळे मोबाईल कमी कर म्हणून त्यालाच बोलत राहिलो (आता आठवलं की कसंतरी होतं), मग शर्टाची बटणं लावताना हात थरथरायला लागले, लिव्हरचे रिपोर्ट पण खराब आले. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांना स्लिट लॅम्पमध्ये बुबुळाच्या कडेला तपकिरी रिंग दिसली. सेरुलोप्लास्मिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रोटीन) कमी, २४ तासांच्या लघवीत कॉपर म्हणजे तांबं भरपूर, निदान विल्सन्स डिसीज. पेनिसिलामाईन (तांबं बाहेर काढणारी गोळी) चालू झालंय, सोबत बी६ व्हिटॅमिन. गोळी उपाशीपोटी द्यायची म्हणून ताई पहाटे साडेपाचचा गजर लावते.

एटीपी७बी जीनमध्ये बिघाड, त्यामुळे लिव्हरला जादाचं तांबं पित्तातून बाहेर टाकता येत नाही, इथपर्यंत कळलं. पण भावजी रात्र रात्र पेपर वाचत बसतात, त्यांना २०२२ चा ‘सायन्स’ जर्नलमधला क्युप्रोप्टोसिसवाला पेपर सापडला, म्हणजे तांब्यामुळे पेशी मरण्याचा वेगळाच प्रकार, आणि ग्लुटाथायोनने (पेशींमध्ये मुळातच असणारं एक रसायन) तो अडतो असं त्यात आहे म्हणे. लगेच ऑनलाईन बाटली मागवली. ताई सील फोडू देत नाहीये, बाटली फ्रीजवर तशीच. द्यावी का? आणि हे फेरोप्टोसिस म्हणतात ते हेच का? शिवाय आई रडतेय की मी त्याला रोज तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजलं म्हणून हे झालं. तिला काय सांगू?

सूक्ष्मदर्शी:
बायोकेमिस्ट्रीवाली आहे, डॉक्टर नाही. त्या पेपरातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मुख्यतः कॅन्सरच्या, आणि इलेस्क्लोमोल (तांबं पेशीत नेणारं रसायन) वापरून त्यांच्यात तांबं अक्षरशः कोंबलं होतं. ते मायटोकाँड्रियात (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग) लिपोइक ॲसिड जोडलेल्या प्रोटीन्सना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात, पेशी मरते. ग्लुटाथायोन तांबं धरून ठेवतं म्हणून तिथे उपयोग झाला. पण तोंडाने घेतलेलं बरंचसं आतड्यातच तुटतं, त्यामुळे डिशमधलं गणित पोराला लावू नका. फेरोप्टोसिस वेगळं, ते नाव २०१२ चं, त्यात लोखंडामुळे पेशीच्या पडद्यातलं फॅट खराब होतं, जुनं तेल खवट होतं ना तसंच. पेशी कशीही मरो, विल्सन्समध्ये साठलेलं तांबं बाहेर काढणं हेच मुख्य काम आणि ते तुमची गोळी करतेय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका, बाटलीही त्यांना दाखवा. भाच्याला सख्खं भावंड आहे का? असेल तर लक्षणं नसली तरी तपासा, चारात एक शक्यता असते.

कल्हईवाली:
आईंना सांगा, बिघडलेला जीन आईवडील दोघांकडूनही आल्याशिवाय हा आजार होत नाही. भांड्यातलं पाणी आता मात्र बंद, काजू, चॉकलेट, मश्रूमपण. आपल्या पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यासोबत १९८३ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं दूध तान्ह्या बाळांना पाजायचे, त्याचा लिव्हर सिऱ्हॉसिसशी संबंध असावा म्हणून. तो आजार वेगळा, विल्सन्स नाही. आमच्याकडे तेव्हापासून दूध स्टीलमध्येच.

धागाकर्ता:
भाची सहावीत आहे, हे कुणीच बोललं नव्हतं. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. बाटलीपण नेतोय.