मदत हवी आहे: 1875 च्या कायद्यातील ‘अल्पसंख्याक’ कोण?

निशाचर: 1875 च्या निवडणूक कायद्यावरील चर्चा चार दिवस वाचत आहे. देशात गुलामगिरी चालू असताना हे सभासद ‘अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वा’साठी इतके कळवळून का बोलतात, ते उमगत नाही. शनिवारी टिपण द्यायचे आहे. कृपया लवकर सांगावे.

अनामिका: देश कोणता? अमेरिकेत गुलामगिरी 1865 मध्येच संपली.

काका: आपल्याकडे 1909 च्या सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. प्रारंभ तेथून करावा.

निशाचर: ब्राझीलचे साम्राज्य, अर्थातच. विभक्त मतदारसंघांविषयी मी विचारलेले नाही.

लेखणी: ‘अर्थातच’ आम्हांला कसे कळावे? असो. येथे अल्पसंख्याक म्हणजे हरलेला पक्ष. सम्राट दुसरा पेद्रो मंत्रिमंडळ बदलत असे, नवे मंत्रिमंडळ आपल्या अधिकाऱ्यांच्या बळावर निवडणूक जिंकत असे आणि विरोधक सभागृहातून जवळजवळ नाहीसे होत. म्हणून मतदाराने एकूण जागांच्या दोन तृतीयांश इतकीच नावे लिहावीत, म्हणजे उरलेला तिसरा हिस्सा विरोधकांना मिळेल, अशी ती योजना होती.

त्रैराशिक: मिळेल कसा? जागा 3, मतदार 100, प्रत्येकाला 2 मते. सत्ताधाऱ्यांच्या 66 मतदारांनी आपली मते शिस्तीने वाटली, तर त्यांच्या तिन्ही उमेदवारांना 44-44 मते पडतात. विरोधकांचे सर्व 34 एकाच्या मागे उभे राहिले, तरी तो 34 वरच अडकतो.

अनामिका: गणित राहू द्या, गुलामांचे काय? 1824 च्या संविधानानुसार ब्राझीलमध्ये जन्मलेला मुक्त गुलाम उत्पन्नाची अट पुरी केल्यास निर्वाचक निवडण्याच्या प्राथमिक फेरीत मत देऊ शकत असे, मात्र दुसऱ्या फेरीत प्रतिनिधी निवडणारा निर्वाचक होऊ शकत नसे. टिपण यावर हवे.

लेखणी: मग 1881 चा सराइव्हा कायदाही पाहावा. त्याने थेट निवडणूक आणली, मुक्त गुलामांना उमेदवारी खुली केली आणि त्याच वेळी उत्पन्नाच्या पुराव्याची व नव्या नोंदणीसाठी साक्षरतेची अट घालून दहा लाखांहून अधिक मतदारांचे सुमारे दीड लाख केले. निरक्षरांना वगळण्याविरुद्ध उदारमतवादी सभासद धाकटे जोसे बोनिफासियो 1879 मध्ये सभागृहात बोलले होते. ते भाषण आधी वाचावे. गुलामगिरी प्रत्यक्षात संपली 1888 मध्ये.

निशाचर: म्हणजे मी ‘अल्पसंख्याक’ शब्दाचा आजचा अर्थ धरून बसलो होतो. चार दिवस गेले.

काका: तरी एक सांगतो. 1937 मध्ये मुंबई प्रांताच्या बहुसदस्य मतदारसंघांत आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत असत. तशी सोय असती, तर त्रैराशिकांच्या 34 जणांचा उमेदवार 68 मतांनी निवडून आला असता.