मदत हवी आहे : गेट ते पोर्च काँक्रीट, डागडुजी की नवीन?

नमस्कार मंडळी. गेटपासून पोर्चपर्यंतच्या काँक्रीटला भेगा पडल्यात. बऱ्याचशा केसाएवढ्या, पण एकीत चक्क करंगळी जाते आणि तिच्या अलीकडचा तुकडा खाली बसलाय. पाऊस आला की पाणी गेटकडे जायचं सोडून घराच्या जोत्याशी साचतं. खरी धास्ती त्याचीच.

दोन ठेकेदार बघून गेले. पहिला म्हणतो, वरून थर मारू, परवा गाडी लावा. लेखी मागितलं तर म्हणे, "शब्द दिलाय ना!" दुसरा सगळं फोडून, खाली खडी दाबून ४ इंच एम-२० दर्जाचं काँक्रीट ओतणार, किमान ७ दिवस पाणी मारून मगच गाडी. महाग आहे, पण खालचा भरावच खचला असेल तर वरचा थर टिकेल कसा?

ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांना विचारतो : कोटेशनमध्ये जाडी, उतार, सांधे आणि राडारोडा उचलणं याशिवाय काय लिहून घ्यावं? काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी टाकायलाच हवी का? आणि आगाऊ रक्कम किती द्यावी? दुसरा निम्मी मागतोय, तिथेच माझं अडलंय.