लॉत्सास, प्रिटेंड आणि आपले सोंग-ढोंग

स्वीडिश भाषेतील मजकूर मराठीत आणताना बहुतेक वेळा मध्ये इंग्रजी असते, कारण स्वीडिश-मराठी असा हाताशी धरावा असा मोठा कोश नाही. त्यामुळे ‘लॉत्सास’ या क्रियापदासमोर आधी इंग्रजी ‘प्रिटेंड’ येते आणि त्याच्यासमोर इंग्रजी-मराठी कोशातून ‘ढोंग करणे’ येते. या दोन उड्यांत काय होते ते एका साध्या वाक्यावरून दिसते. लहान मुले अंगणात घोडे होऊन दौडत असली, तर स्वीडिश माणूस त्या खेळाला ‘लॉत्सास’ म्हणतो. कोशाच्या वाटेने गेल्यास मराठीत ‘मुले घोडे असल्याचे ढोंग करत आहेत’ असे वाक्य हाती लागते, आणि त्या बिचाऱ्या मुलांवर उगाचच आळ येतो. आपण ‘मुले घोडा-घोडा खेळत आहेत’ एवढेच म्हणू.

चूक कोशाची आहे असे मला वाटत नाही. खरे नसलेले खरे म्हणून दाखवण्याच्या क्रियेत दोष कोठे सुरू होतो, याची रेघ या तीन भाषांनी तीन ठिकाणी ओढलेली आहे. समोरच्याला ते खोटे ठाऊक आहे का, हा प्रश्न मराठी शब्द आधीच सोडवून ठेवतो. ‘सोंग’ म्हटले की भारुडातले सोंग आठवते, होळीतले सोंग आठवते. पाहणारा आणि करणारा दोघेही त्यात सामील असतात. ‘ढोंग’ म्हटले की पाहणारा अंधारात असतो आणि करणारा दोषी ठरतो. अर्थात ‘झोपेचे सोंग’ यात सोंगही दोषाकडे झुकते, आणि ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ या म्हणीत तो शब्द दोन्हींच्या मध्ये कोठेतरी उभा राहतो. पण ढोंगाची मात्र कोणी कधी स्तुती केल्याचे ऐकिवात नाही.

‘लॉत्सास’ (लिहिताना त असतो, बोलताना तो गळतो) हा शब्द असा निवाडा करत नाही. तो ‘लोता’ या क्रियापदापासून आलेला आहे. ‘हे चांगले वाटते’ असे एखादी सूचना ऐकून म्हणायचे असेल, तर आजही स्वीडिशमध्ये हेच ‘लोता’ वापरतात. शेवटचा ‘स’ अधिक रंजक आहे. तो ‘स्वतःला’ या अर्थाच्या जुन्या सर्वनामाचा अवशेष असून, आज त्याच ‘स’ने स्वीडिशमध्ये कर्मणी प्रयोगही होतो. परंतु आशा करणे, श्वास घेणे, आठवणे अशा काही क्रियापदांना हा ‘स’ कायमचा चिकटला आहे आणि त्यांचा अर्थ मात्र कर्तरीच राहिला आहे. संस्कृत शिकलेल्या वाचकाला येथे आत्मनेपदाची आठवण होईल. साम्य वरवरचे असले तरी लक्षात ठेवायला ते उपयोगी पडते.

या शब्दाचे पूर्वपद करून स्वीडिश लोक हवे तितके समास बनवतात: मुलाचा मनातला मित्र, खेळातले पैसे, खेळातले भांडण. मराठीत यासाठी ‘काल्पनिक’ हा शब्द सर्रास वापरला जातो आणि तो वाक्याला सरकारी वास आणतो. आपल्याकडे ‘लुटुपुटूचा’ हे नेमके विशेषण असताना ते का सुचू नये? लुटुपुटूचे पैसे, लुटुपुटूचे भांडण हे त्या समासांचे जवळजवळ तंतोतंत रूप आहे. मनातल्या मित्राला मात्र ‘लुटुपुटूचा मित्र’ म्हणवत नाही, कारण तेथे मैत्रीच खोटी असल्याचा भास होतो. तो ‘मनातला मित्र’च राहू द्यावा. याच क्रियापदाचा एक वाक्प्रचार आहे, ‘पाऊस पडत असल्यासारखे दाखवणे’, म्हणजे जे घडले त्याच्याशी आपला काही संबंधच नाही असा चेहरा करून बसणे. त्याचा शब्दशः अनुवाद करणाऱ्याने आधी ‘आपण त्या गावचेच नाही’ या मराठी वाक्प्रचाराकडे पाहावे. पाऊस गेला तरी काही बिघडत नाही.

आता ‘प्रिटेंड’. लॅटिनमधील मूळ अर्थ पुढे ताणणे, पुढे करणे असा आहे, आणि इंग्रजीत दीर्घकाळ त्याचा अर्थ ‘हक्क सांगणे’ असाही होता. 1688 मध्ये गादी गमावलेल्या इंग्लंडच्या राजाचा, दुसऱ्या जेम्सचा मुलगा जेम्स फ्रान्सिस एडवर्ड स्टुअर्ट (1688–1766) याला ‘ओल्ड प्रिटेंडर’ आणि 1745 च्या उठावाचे नेतृत्व करणाऱ्या त्याच्या मुलाला ‘यंग प्रिटेंडर’ म्हणतात. मराठीत यांना ‘तोतया’ म्हणण्याचा मोह होतो, कारण आपल्या इतिहासात तो शब्द भाऊसाहेबांच्या तोतयाने ठसठशीत करून ठेवला आहे. पण 1761 च्या पानिपतानंतर ‘मीच सदाशिवरावभाऊ’ म्हणून उभा राहिलेला आणि 1776 मध्ये ज्याचा शेवट झाला तो मनुष्य दुसऱ्याचे नाव चोरत होता. स्टुअर्ट बापलेक स्वतःच्याच नावाने गादी मागत होते. त्यांना ‘दावेदार’ म्हणणेच रास्त आहे. गंमत अशी की या ‘ओल्ड प्रिटेंडर’बद्दल, तो राणीचा मुलगाच नव्हे, अंथरूण गरम करण्याच्या भांड्यातून कोणाचे तरी मूल राजवाड्यात आणले, अशी अफवा विरोधकांनी उठवलीच होती. म्हणजे त्यांच्या मते तो तोतयाही होता. स्वीडिशमध्ये ‘प्रेतेंदेरा’ हे क्रियापद आजही हक्क सांगण्याच्या जुन्या अर्थानेच शिल्लक आहे, आणि इंग्रजीच्या सवयीने वाचणारा तेथे हमखास अडखळतो.

दोषाचा शब्द स्वीडिशमध्ये निराळा आहे: ‘ह्युक्ला’, म्हणजे ढोंग करणे. तो जर्मनकडून आला असून मुळात त्यात वाकण्याचा, दबून बसण्याचा भाव आहे. इंग्रजीतील ‘हिपोक्रिट’ ग्रीक रंगभूमीवरील नटापासून आलेला आहे. ढोंगी माणसात एका भाषेला खालमानेने वाकणारा दिसला, दुसरीला नट दिसला. आपला ‘दांभिक’ या दोघांनाही पुरतो. मात्र तो लेखी आहे, बोलताना ढोंगीच.

फसवणुकीकडे वळल्यावर सर्वांत बोधक शब्द मला ‘स्विंदेल’ वाटतो. स्वीडिशमध्ये त्याचे दोन अर्थ आजही शेजारी नांदतात: उंचावरून खाली पाहताना येणारी भोवळ आणि ठकबाजी. जर्मनमध्येही तसेच आहे. इंग्रजीने अठराव्या शतकात ‘स्विंडलर’ उचलला तो जर्मनमधूनच, पण भोवळ तेवढी मागे राहिली. मराठीत असा शब्द नाही असे कोणी म्हणेल. मला वाटते, आहे. रानात रात्री वाट चुकून माणूस त्याच झाडाभोवती फिरत राहतो, तेव्हा त्याला ‘चकवा’ लागला म्हणतात, आणि ‘चकवणे’ हे फसवण्याचे क्रियापद त्याच घरातले आहे. स्वीडिशमध्ये ‘विल्सेलेदा’ हा शब्दही असाच वाट चुकवण्याचा आहे: ‘विल्से’ म्हणजे वाट हरवलेला, ‘लेदा’ म्हणजे नेणे. जंगलाच्या त्या देशात वाटसरूला भुलवून रानात नेणारी वनदेवता लोककथांत आहे, तेव्हा हे नवल नाही.

विशेष म्हणजे हा रानातला शब्द थेट कायद्यात बसला आहे. 1965 पासून लागू असलेल्या स्वीडिश दंडसंहितेच्या नवव्या प्रकरणात ‘बेद्रेगेरी’ म्हणजे फसवणूक या गुन्ह्याची व्याख्या दुसऱ्याची ‘वाट चुकवून’ त्याच्याकडून स्वतःच्या लाभाची आणि त्याच्या नुकसानीची कृती करवून घेणे, अशीच येते. यंत्राची वाट कशी चुकवणार? म्हणून संगणकाशी केलेल्या लबाडीसाठी त्याच कलमात वेगळा परिच्छेद आहे. इंग्लंडमध्ये 1968 च्या चोरीविषयक कायद्यातील ‘डिसेप्शन’ (फसवणे) हा शब्द याच अडचणीत सापडला, कारण फसायला मन लागते. 2006 च्या फ्रॉड कायद्याने तो बाजूला सारून ‘खोटे निवेदन’ ही कसोटी आणली, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनावरची नजर बोलणाऱ्याच्या कृतीवर गेली. आपल्या कायद्याच्या मराठीत ‘ठकवणूक’ आणि ‘तोतयेगिरी’ हे दोन्ही शब्द रुळलेले आहेत, आणि भारतीय न्याय संहितेच्या 318 व 319 या कलमांचा विषय तोच आहे. ठकवणुकीतला ‘ठक’ इंग्रजीत ‘ठग’च्या रूपाने ‘थग’ झाला. तेथे त्याची फसवण्याची कला गेली आणि नुसती दंडेली उरली.

‘फुस्का’ या स्वीडिश शब्दाविषयी थोडेसे. परीक्षेतली कॉपी आणि उरकलेले, निकृष्ट काम, दोन्ही त्यात येतात. कॉपीच्या चिठ्ठीला ‘फुस्कलाप’ म्हणतात, आणि ढिसाळ बांधकामही फुस्कच. आपल्याकडे दोहोंना एक शब्द नाही. ‘चालढकल’ अपुरा, ‘भेसळ’ दुसरीकडेच जातो. संदर्भाप्रमाणे शब्द बदलणे हाच मार्ग दिसतो.

‘नोदलोंग्न’, म्हणजे अडचणीपुरते बोललेले खोटे, याला ‘नरो वा कुंजरो वा’ सुचवले जाते. ते मला पटत नाही, कारण धर्मराजाचे वाक्य अर्धसत्य होते आणि हे पुरते असत्य असते. नामाचा आग्रह सोडल्यास ‘वेळ मारून नेणे’ अधिक जवळ आहे. पाहुण्यांना ‘आत्ताच जेवून आलो’ असे सांगणारा माणूस स्वीडनमध्ये ‘नोदलोंग्न’ बोलतो. मराठीत तो वेळ मारून नेतो, आणि त्याला खोटारडा कोणी म्हणत नाही.